घरच्या खळ्यात लग्न: कमी खर्चात आणि कमी कचऱ्यात जमेल का?

रानजाई | १० ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच मोठा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझं लग्न ठरलंय. मुलाकडचे कराडचे, आम्ही पुण्याचे. तुळशीचं लग्न झालं की मार्गशीर्षात उरकायचं असं दोन्हीकडून ठरलंय. दोन्ही घरांचं मिळून बजेट साडेचार लाख, आणि कर्ज काढायचं नाही हे आम्ही दोघांनी आधीच सांगून टाकलंय. पुण्यात एका कार्यालयात चौकशी केली. हॉलचं भाडं १ लाख ४० हजार, जेवण ६५० रुपये पान, ३०० पानांचे १ लाख ९५ हजार, आणि सजावट त्यांच्याकडूनच करून घ्यायची सक्ती, ती ९० हजार. झाले सव्वाचार लाख. अजून कपडे नाहीत, मंगळसूत्र नाही, फोटोवाला नाही.

म्हणून डोक्यात आलंय की गुहागर तालुक्यातल्या आजोळी करावं. आजोबांचं चौसोपी घर आहे, पुढे मोठं खळं म्हणजे सारवलेलं अंगण आहे, मागे विहीर आणि पोफळीची बाग. मामा-मामी तिथेच राहतात आणि तयार आहेत. कचरा कमी व्हावा, सामान शक्यतो तिथलंच असावं आणि घरातल्या जुन्या वस्तू वापराव्यात अशी इच्छा आहे. माळ्यावर पितळेची पातेली, घंगाळं, बंब, दोन गॅसबत्त्या असं बरंच काही आहे. आजीची पैठणीही आहे, ती मला नेसायचीय. स्टेजच्या मागे वारली चित्रांचा मोठा पडदा छापून लावावा असंही म्हणतेय.

आईचा पाठिंबा आहे, आत्याचा कडकडीत विरोध आहे. बाबा म्हणतात, "लोक काय म्हणतील ते राहू दे, लोक झोपतील कुठे ते बघ."

अनुभवी लोकांनी सांगा. काय जमेल, काय नुसतं फोटोत छान दिसेल?

---

हिशेबनीस | १० ऑगस्ट, रात्री ११.२५

अभिनंदन!

पत्रावळी, फुलं, पडदे हे सगळं नंतर. आधी माणसं मोजा. लग्नाचा खर्च आणि लग्नाचा कचरा, दोन्ही माणसांच्या आकड्याला गुणून येतात. ३०० चे २२० केलेत तर जेवण, पाणी, गाड्या, गाद्या, संडासच्या रांगा सगळं आपोआप पाऊण होतं. उरलेल्या ८० जणांना पुण्यात एका रविवारी संध्याकाळी घरी बोलवा. बटाटेवडा आणि कॉफी द्या, लोक खूश असतात.

दुसरं म्हणजे मानपानाच्या साड्या. दोन्ही घरांनी आधी बसून "साड्यांची देवाणघेवाण नाही" असं ठरवा आणि पत्रिकेतही छापा. मी २०१६ मध्ये एका लग्नात दिलेली जांभळी साडी २०१९ मध्ये माझ्या बायकोला तिसऱ्याच घरातून परत आली. घडी मोडलेली नव्हती.

---

टवाळ_कार्टा | १० ऑगस्ट, रात्री ११.३१

याला म्हणतात पुनर्वापर. हलके घ्या.

---

गुहागरचा_बाबू | ११ ऑगस्ट, सकाळी ७.१०

रानजाई ताई, मे महिना निवडला नाहीत हे फार शहाणपणाचं केलंत. आमच्याकडे मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो आणि मुंबईकर म्हणतात आंब्याच्या दिवसात लग्न करू. दीडशे माणसं दोन दिवस आंघोळ करणार म्हणजे टँकर आलाच. मार्गशीर्षात पाणी असतं, भात कापून झोडून झालेलं असतं, माणूस मोकळा असतो आणि पेंढा ताजा असतो. पेंढ्याचा थर, त्यावर ताडपत्री, त्यावर सतरंजी टाकली की झोपायला गाद्या भाड्याने आणायच्या लागत नाहीत. तुमच्या बाबांना सांगा.

आता खळ्याचं. पावसाने खळं उखणतं. दिवाळीनंतर ते खणून, माती घालून, पाणी मारून चोपणीने चोपतात आणि मग शेणाने सारवतात. हे लग्नाच्या आदल्या आठवड्यात करायचं काम नाही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चोपून घ्या, वाळू दे, आणि शेवटचं सारवण दोन दिवस आधी. ओल्या सारवणावर पाहुणे फिरले तर पावलं उमटतात, आणि कोणाच्या पांढऱ्या सलवारीला लागलं की मग शेण पवित्र वगैरे कोणी म्हणत नाही.

मांडवाला कापड कशाला? पोफळीचे वासे आणि माडाची झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या. चुडतं (सुट्या झावळ्या) दोन दिवस पाण्यात भिजवायची, मग विणायची. सुकी विणायला घेतलीत तर पाती तुटतात. आमच्या वाडीत झापं विणणारी चार-पाच वयस्कर माणसं अजून आहेत. आत्ताच सांगून ठेवा, गणपती झाले की ती बागेच्या कामाला जातात.

---

लाल_डबा | ११ ऑगस्ट, सकाळी ९.०२

कराडहून माणसं आणायची तर पंचवीस मोटारी कुंभार्ली घाटातून कशाला? एसटी करा. प्रासंगिक करार म्हणतात त्याला. कराड आगारात आगारप्रमुखाच्या नावाने अर्ज द्यायचा, तारीख, ठिकाण, थांबायचं किती ते लिहायचं, पैसे आगाऊ भरायचे. हिशेब किलोमीटरवर असतो. लग्नसराईत गाड्या आधीच लागलेल्या असतात तेव्हा तारीख पक्की झाली की लगेच जा.

एका गाडीत चाळीसच्या वर माणसं बसतात. दोन गाड्यांत वऱ्हाड. आणि तुम्हाला जुन्या जमान्याची हौस आहेच. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, त्या घराण्यातली गाडी दारात उभी राहणं हे भाड्याने आणलेल्या जुन्या मोटारीपेक्षा मला तरी जास्त झकास वाटतं. पुढे केळीचे खुंट बांधा, झेंडूची माळ सोडा. चालकाला आणि वाहकाला वऱ्हाडाबरोबर पंगतीत बसवा, विसरू नका.

---

घंगाळ | ११ ऑगस्ट, दुपारी १.१५

माळ्यावरची पितळेची पातेली वाचून राहवलं नाही.

ताई, ती तशीच वापरू नका. आतली कल्हई गेलेली असणार. पितळेच्या उघड्या भांड्यात ताक, चिंच, कोकम, टोमॅटो काहीही आंबट शिजलं की कळकतं आणि माणसं आजारी पडतात. आधी कल्हईवाला शोधा. माझ्या लहानपणी तो गल्लीत ओरडत यायचा, आता आपल्याला त्याच्यासाठी ओरडत फिरावं लागतं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी केलीत तर कोणी ना कोणी सांगेल. पण चिपळूणच्या बाजूला मिळाला तर घरीच बोलवा, भांडी पुण्याला नेऊ नका.

आणि तो काम करताना समोर बसा. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. पातेलं चिमट्यात धरून तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि नाक झोंबतं. मग कथलाची कांडी तापल्या पितळेला नुसती टेकवायची. ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने तो असा झर्रकन हात फिरवतो की काळ्यापिवळ्या पातेल्याच्या पोटात चांदणं पसरत जातं. लगेच पाण्यात बुडवायचं. चर्र आवाज आला की झालं. मी सत्तरीचा आहे, अजूनही बघत उभा राहतो.

गॅसबत्त्यांचं म्हणाल तर शोभेला ठेवा. मेंटल मिळतात, पण पंप मारणारा जाणता माणूस नसेल तर भडका उडतो. जुन्या बाजारात (पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो) कंदील मिळतील, ते बरे. पण माझा सल्ला, घरात आहे तेवढंच वापरा. जुन्या वस्तू नव्याने विकत आणून जुनेपणा आणायचा, यात मला गंमत वाटत नाही.

---

डहाणू_लोकल | ११ ऑगस्ट, रात्री ८.४८

वारली पडद्याबद्दल बोलू का? राग मानू नका.

तो पडदा छापणार कशावर, तर फ्लेक्सवर. फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकच. एका दिवसासाठी बारा बाय वीस फूट प्लास्टिक, तेही पर्यावरणपूरक लग्नात.

आणि आमच्याकडे लग्नाचं चित्र ही सजावट नसते. लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावते धवलेरी, म्हणजे बाईच, गाणी म्हणत. हे सगळं ज्यांचं आहे त्यांच्याकडे ते जिवंत आहे. गुहागरात लग्न करताय तर गुहागरचं काहीतरी लावा ना.

---

रानजाई | ११ ऑगस्ट, रात्री ९.३०

डहाणू_लोकल, राग कसला. फ्लेक्सचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, आणि चौकाबद्दल इतकं माहीत नव्हतं. पडदा रद्द. मागे नुसती मातीची भिंत आहे आणि तिला लागून सोनटक्का. आत्ता वाटतंय तीच पुरे.

बाबू, झापांचं मामाला कळवलं. तो म्हणाला, "तुझ्या त्या फोरमवाल्यांना म्हणावं चोपायलाही या."

आता जेवण. मनात आहे केळीच्या पानावर पंगत, पाण्याला माठ आणि पितळी तांब्या-भांडी, वाटीऐवजी द्रोण. आचारी मामाच्या ओळखीचा आहे. बाकी सगळं घरचं, मावश्या, माम्या, काकू आहेतच.

---

तांबडी_माती | ११ ऑगस्ट, रात्री ११.५०

"मावश्या, माम्या, काकू आहेतच." इथे थांबले.

माझं माहेर राजापूरकडचं. माझ्या लहानपणी सगळी लग्नं अशीच, खळ्यात, केळीच्या पानावर. सगळ्यांना आठवतो तो मोगऱ्याचा वास आणि सनई. मला आठवतात आईच्या पाण्याने सुरकुतलेल्या बोटांच्या चिरा. माझ्या सख्ख्या काकाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ती विहिरीवर भांडी घासत होती. तिने अक्षता टाकल्याच नाहीत. काकाच्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही.

थर्माकोलच्या पत्रावळी आल्या तेव्हा शहरातल्या शहाण्यांच्या आधी खेड्यातल्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला होता, हे लक्षात ठेवा. त्या वाईटच, मी त्यांची वकिली करत नाही. पण कचरा कमी करायचा तर काम वाढतं, आणि ते काम कोणाच्या तरी मनगटावर जातं. घंगाळ काका कल्हई बघत उभे राहतात, ठीक. ते पातेलं चिंच-राखेने घासणारी कोण असते?

म्हणून रानजाई, तुझ्या साडेचार लाखात एक ओळ मजुरीची घाल. गावातल्या बचत गटाच्या बायकांना विचार. भांडी घासणं, पाणी भरणं, वाढणं, पानं उचलणं, पूर्ण रोजाने. वर जेवण आणि घरी पोचवणं. ते पैसे नसतील तर सरळ पत्रावळी घे आणि मामीला लग्न बघू दे.

---

हिशेबनीस | १२ ऑगस्ट, सकाळी ८.००

तांबडी_माती, +१. मी हिशेब मांडताना ही ओळ कधीच घातली नव्हती. घरच्या लग्नात सजावटवाल्याचे ९० हजार वाचतात ते वाचत नाहीत, घरातल्या बायका ते फुकटात भरतात.

---

घंगाळ | १२ ऑगस्ट, सकाळी ११.२०

माझी आई घासायची. खरं आहे.

---

सोलकढी_दोन_ग्लास | १२ ऑगस्ट, दुपारी ३.०५

पत्रावळी घ्यायच्या झाल्या तर बघून घ्या. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटल्या बंद झाल्या, देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली. तेव्हापासून दुकानदार चंदेरी कागदी ताटली "कागदी आहे हो" म्हणून पुढे करतो. तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. कागदी कपालाही आतून असतोच, म्हणून तर चहा गळत नाही. गाय खाईल आणि मातीत मुरेल अशी म्हणजे पळसाची, वडाची, नाहीतर पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद पापुद्र्याची. विरी तर तुमच्या बागेतच पडतात.

केळीची पानं आदल्या संध्याकाळी तोडा, त्याआधी नाही. घडी घातलेली पानं दुसऱ्या दिवशी चिरतात. मांडताना पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. हे वाढपी मुलांना सांगावं लागतं आता.

---

लातूरची_लेक | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०

अक्षतांचं कुणी बोललंच नाही. २२० माणसं, मूठभर तांदूळ धरले २० ग्रॅम, तर साडेचार किलो होतेत एका लग्नात, तेही पायाखाली. त्यात तो गुलाबी रंग. आमच्याकडं पूर्वीपासून ज्वारीच्या अक्षता असतेत. लग्न लागलं की पोरं झाडून गोळा करतेत, कोंबड्यास्नी टाकतेत. रंग न लावता हळद लावा, झालं. कोकणात ज्वारी नसंल तर निम्म्या फुलाच्या पाकळ्या करा.

आन ताई, मार्गशीर्षातला गुरुवार धरू नका. निम्म्या बायकांचा उपास असतो, मग त्यांच्यासाठी वेगळी खिचडी आली.

---

कर्मठ_नाही | १२ ऑगस्ट, रात्री १०.१५

थोडं अवांतर. साधं लग्न ही आजची फॅशन नाही. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहित नाही, हुंडा नाही, वधूवरांनी सगळ्यांसमोर एकमेकांना शपथ द्यायची. त्या काळी लग्नाच्या कर्जात कुणब्याची जमीन सावकाराकडे जायची, कमी खर्चाचा आग्रह त्यातून आलेला आहे. आज जमिनीऐवजी हप्ते आहेत.

कोणाला सगळंच टाळायचं असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करा. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. आम्ही तेच केलं. मग दोन्ही घरच्यांना घेऊन पिठलं-भाकरी खाल्ली. सासूबाई अजून बोलत नाहीत, पण कर्ज नाही.

---

सुईदोरा | १३ ऑगस्ट, दुपारी १२.३०

पैठणीबद्दल. आजीची म्हणजे किमान साठ वर्षांची असणार. आधी उघडून उजेडात धरा. घडीवर रेशीम विरलेलं असतं, तिथे बोटाने अगदी हलका ताण द्या. करकर वाजलं किंवा रेघ पडली तर ती साडी नेसण्याजोगी नाही, खांद्यावर शेल्यासारखी घेण्याजोगी आहे. जरीची तार काळी पडली असेल तर आनंद माना, ती खऱ्या चांदीची असायची शक्यता जास्त. ब्रासोने, लिंबाने, टूथपेस्टने घासायची नाही! पेट्रोल वॉश एकदाच, जाणत्या माणसाकडून. मग रफूवाला. काठाच्या मागून पातळ मलमलीची पट्टी टाचून घेतली की ताण पट्टीवर जातो.

आणि "नऊवारी आहे, सहावारी कापून घ्या, उरलेल्यात ब्लाउज होईल" असं सांगणारा शिंपी भेटला तर साडी उचला आणि चालू लागा. ब्लाउज खणाचा शिवा. स्वस्त पडतो आणि पैठणीशी भांडत नाही.

---

टवाळ_कार्टा | १३ ऑगस्ट, दुपारी १२.५५

आलेल्या पाहुण्यांना रोपं द्या असं अजून कोणीच कसं म्हणालं नाही? धाग्याचा दर्जा घसरलाय.

---

लाल_डबा | १३ ऑगस्ट, दुपारी १.४०

आमच्या भावाने दिली होती, दोनशे. हॉल सोडताना मोजली, नव्वदवर राहिली होती. खुर्च्यांखाली. तीही कडुलिंब. चौथ्या मजल्यावरचा माणूस कडुलिंब लावणार कुठे?

---

रानजाई | १४ ऑगस्ट, रात्री १०.००

रोपं नाहीत. वचन.

तांबडी_माती, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून मामीला फोन केला. अर्धा तास बोलत होत्या. आता ठरलंय ते असं: गावातल्या गटाच्या नऊ जणी, तीन दिवस, रोज ८०० रुपये. वाढायचं काम दोन्हीकडच्या पुरुषांचं, त्यात नवरदेवाचे मित्र आले. पाणी भरायला पंप दुरुस्त करायचा. आणि मामी लग्नाच्या दिवशी स्वयंपाकघरात जाणार नाही, हे मामाने कबूल केलंय.

पैठणी उघडली. तीन घड्या विरल्यात. पदर मात्र असा आहे की मी आणि आई नुसत्या बघत बसलो. रफूला दिली.

---

रानजाई | १९ डिसेंबर, रात्री ११.१५

धागा वर काढतेय. झालं लग्न! सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते. जे फसलं तेही लिहिते.

मांडव झापांचाच झाला. सहा जणांनी चार दिवस विणली. सकाळी दहाच्या उन्हात खाली जी जाळीदार सावली पडली होती ती फोटोत आलीच नाही, पण प्रत्येकाने तिच्याबद्दल बोलून घेतलं. लग्न दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताचं, त्यामुळे दिव्यांचा आणि जनरेटरचा प्रश्नच आला नाही. फुलं झेंडू आणि शेवंती, चिपळूणच्या बाजारातून. फुलं ओवायला आदल्या रात्री सगळे बसले होते आणि उखाण्यांची जी काही भेंडी लागली ती इथे लिहिण्यासारखी नाही. हार आणि मुंडावळ्या दोऱ्याच्याच, चमकी नाही.

लाल डबा, दोन गाड्या आल्या. एक वेळेवर, दुसरी पाऊण तास उशिरा, पाटणच्या पुढे पंक्चर. त्या पाऊण तासात वऱ्हाडातल्या आजोबांनी रस्त्याच्या कडेला पानाचा डबा उघडला म्हणे, आणि उतरल्यापासून ते तेच सांगत होते. चालक-वाहक पहिल्या पंगतीत बसले.

आता फसलेलं. सगळ्यात मोठं म्हणजे पाणी. विहिरीचं पाणी उकळून, गाळून, वाळा घालून आठ माठ भरले होते, वर पितळी ओगराळी. छान दिसत होतं. पण लोक माठापाशी येत, बघत आणि हळूच विचारत, "बाटली नाहीये का?" शेवटी आत्याच्या यजमानांनी गुहागरहून दहा खोकी बाटल्या मागवल्या, आम्हाला न विचारता. दीडशेच्या वर रिकाम्या बाटल्या मी स्वतः दुसऱ्या दिवशी गोणीत भरल्या. अर्ध्या भरलेल्याच जास्त. पुन्हा करायचं झालं तर माठाशेजारी "उकळलेलं आहे" अशी पाटी लावेन आणि तिथे एक बोलका माणूस उभा करेन.

दुसरं, पैठणी. सुईदोरा यांनी सांगितलेली मलमल लावली होती, तरी पाचव्या पावलाला बारीक टर्र असा आवाज आला. फक्त मला ऐकू आला असं वाटलं, पण करवलीने मागून पिन लावली तेव्हा कळलं तिलाही आला होता. चार बोटं गेली आहे. आईला वाईट वाटलं, मला नाही वाटलं. परत नेसणार नाही, पदर जपून ठेवलाय.

तिसरं, बियांच्या कागदाच्या पत्रिका. पन्नासच छापल्या होत्या, बाकी निरोप फोनवर. मी स्वतः चार कुंडीत पेरल्या. एकातही तुळस उगवलेली नाही. साधा हातकागद घेतला असता तर निम्म्यात झालं असतं.

जेवण मात्र जमलं. काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याचे घारगे, मसालेभात, साधं वरण, सोलकढी आणि तवसाचं (मोठ्या काकडीचं) गोड धोंडस. कराडकरांनी धोंडस पहिल्यांदा संशयाने खाल्लं, मग परत मागितलं. जिलबी नाही म्हणून एक काका नाराज होते, ते असू देत. तीन पंगती, सत्तर-सत्तरच्या. आग्रह बंद असं आधीच सांगितलं होतं, मागाल तेवढं वाढू. पानात टाकलेलं अन्न एका घमेल्यात मावलं. नवरदेवाच्या मित्रांनी पहिल्या पंगतीत वरण भाताच्या आधी वाढलं आणि ते पानावरून पळालं. तिसऱ्या पंगतीपर्यंत शिकले.

खर्च सगळा मिळून ४ लाख १८ हजार. त्यातलं मंगळसूत्र ६२ हजार, बाकी दागिने आईचे आणि आजीचे, घडणावळ शून्य. जेवण दोन दिवसांचं १ लाख १२ हजार. एसटी आणि बाकी ने-आण ५८ हजार, हे अंदाजापेक्षा जास्त गेलं. फोटो ३५ हजार. नऊ जणींची मजुरी २१ हजार ६००. हिशेबनीस, ओळ घातली आहे.

मंगलाष्टकांच्या वेळी मामी माझ्या बरोबर समोर उभी होती. पैठणीचा रंग तिने पहिल्यांदा उजेडात बघितला, असं नंतर म्हणाली. अक्षता ज्वारीच्या. कराडहून येताना सासूबाईंनीच आणल्या, त्यांच्याकडेही तीच पद्धत निघाली.

---

तांबडी_माती | १९ डिसेंबर, रात्री ११.४०

सुखी राहा गं. मामीचा फोटो आहे ना?

---

रानजाई | १९ डिसेंबर, रात्री ११.४४

सतरा आहेत. मोजले.

---

घंगाळ | २० डिसेंबर, सकाळी ६.५०

अभिनंदन, पोरी. कल्हईवाला कुठला मिळाला शेवटी? आमच्याकडचे दोन बंब पडून आहेत.

---

रानजाई | २० डिसेंबर, सकाळी ९.१०

काका, चिपळूणजवळचा. व्यक्तिगत निरोप केलाय. लवकर गाठा, त्याचा मुलगा मुंबईला कुरियरमध्ये लागलाय आणि आपण एकटेच भाता मारून दमतो म्हणून तो यंदा शेवटचा हंगाम म्हणत होता.

---

गुहागरचा_बाबू | २० डिसेंबर, दुपारी १.३०

झापांचं काय केलंत?

---

रानजाई | २० डिसेंबर, दुपारी २.०५

निम्मी मामाच्या गोठ्यावर चढली. उरलेली शेजारच्या वाडीत गेली, फेब्रुवारीत तिथे एक लग्न आहे. केळीची पानं म्हशींनी खाल्ली. बाटल्यांची गोणी अजून पडवीत आहे, भंगारवाला आलेला नाही.